काचेपलीकडची गाडी

शहरातल्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दिली की आपल्याला एसीत बसवतात. समोर भली मोठी काच, पलीकडे रॅम्पवर चढवलेल्या गाड्या. आपली कोणती ते दिसतं, तिचं काय चाललंय ते कळत नाही. टॅपेटचा आवाज येतो, हे आपण सांगतो सुपरवायजरला. तो जॉब कार्डवर लिहितो ‘जनरल चेकअप’. ज्या पोराच्या हातात पाना आहे, त्याच्यापर्यंत आवाज पोचतच नाही. संध्याकाळी गाडी मिळते ती धुऊन लख्ख. बिलात ‘चेन क्लीनिंग’ लावलेलं असतं आणि चेनीवर आमच्या पिशोरच्या शिवारातली काळी माती जशीच्या तशी. विचारलं तर उत्तर येतं, “सर, सगळं कार्डवर आहे.”

त्या पोरावर माझा राग नाही. दिवसाला गाड्या किती काढायच्या, हे त्याला वरून ठरवून दिलेलं असतं. तो टॅपेट ऐकत बसला तर त्याचीच पंचाईत.

आमच्याकडे पूर्वी दूधवाल्यांकडे एम-80 असायची. टू-स्ट्रोक गाडी; पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे, त्यामुळे प्लग वरचेवर काळा पडे. डिकीत प्लग पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा ठेवल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नसे. मग 1985 मध्ये बाजारात आलेली हीरो होंडाची सीडी 100 आमच्याकडेही दिसू लागली. फोर-स्ट्रोक. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरात. गाडी खरोखरच गुणाची होती, पण आपण विसरून गेलो ते फार मनावर घेऊन.

गंमत म्हणजे आमच्याकडचा शेतकरी विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर स्वतः उघडतो, फवारणी पंपाचा वायसर बदलतो, अद्रकीच्या वाफ्यातलं ठिबक तोंडाने फुंकून साफ करतो. मोटारसायकलपाशी आला की हात आखडतो. का, तर वॉरंटी जाईल! त्याच 1985 पासून आमच्याच जिल्ह्यात, वाळूजला, बजाजचा कारखाना आहे. आयटीआय केलेली खेड्यापाड्यांतली पोरं तिथल्या एमआयडीसीत लागतात. कुठला नट किती कसायचा याचं माप त्यांना पाठ असतं. सुट्टीला गावी आली की स्वतःची गाडी मात्र सर्व्हिसिंगला टाकतात.

एका सर्व्हिसिंगनंतर माझ्या गाडीखाली ऑइलचे थेंब दिसू लागले. ड्रेन नट गनने असा आवळला होता की त्याचे आटेच गेले. तेव्हापासून ऑइल मी घरी बदलतो. इंजिन थोडं गरम करायचं, गाडी सरळ उभी करून खाली घमेलं ठेवायचं आणि नट हाताने, सावकाश काढायचा. ऑइल आधी धारेने पडतं, मग सुतासारखं. बोटावर घेऊन उन्हात धरलं की कळतं: नुसतं काळं असेल तर ठीक, चमचम दिसली तर आत काही झिजतंय. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. ही माहिती कुठल्याच बिलावर नसते. नट परत लावताना त्याचा वायसर नवा टाकायचा. तिथे कंजुषी नको. शंभर सीसीच्या माझ्या गाडीला साधारण 900 मिली ऑइल लागतं. जुनं ऑइल आमच्याकडे लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात. बांधावर ओतणाऱ्याला मात्र मी दोन शब्द सुनावतो.

चेन मधोमध बोटाने वर-खाली करून बघायची, इंचभर ढील बरी. एवढ्याने मी मिस्तरी होत नाही. क्लच प्लेटा, टॅपेट यांसाठी आजही स्टँडजवळच्या मिस्तरी काकांकडे जातो. फरक एवढाच की तिथे गाडी, काका आणि मी, तिघंही एकाच धुळीत बसलेलो असतो. काका म्हणतात, “रेस दे. अजून दे. बंद कर.” निदान तिथेच होतं, माझ्यादेखत.

एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, कार्बोरेटर बऱ्याच गाड्यांतून गेला, मीटरवर बिघाड दाखवणारा पिवळा दिवा आला. त्याच्यापुढे पाना-पक्कड चालत नाही, हे खरंच. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. काकांच्या कानावर ते अजून आलेलं नाही. त्यांच्या पोराने मात्र स्कॅनर घेतलाय. स्कॅनर कोड दाखवतो, पण सेन्सर बदलायचा की त्याचं कनेक्टर नुसतं साफ करायचं, हे उघडून बघितल्याशिवाय ठरत नाही. परवा शेजाऱ्याच्या गाडीचं कनेक्टरच निघालं. आत पाणी गेलेलं. काकांनी मजुरी घेतली नाही, चहाचा खर्च तेवढा शेजाऱ्याच्या अंगावर पडला.