ताठ मान

ताठ मानेचे आपल्याला केवढे कौतुक! पण तीच मान एका रात्रीत खरोखर ताठली, की माणूस रडकुंडीस येतो. आमच्या पांढरकवड्यात अशा वेळी आजी उशी उन्हात टाकायला लावते आणि शेजारी झटका देऊन मान सोडवायला धावतात. बहुधा दुखणे आपोआप ओसरते. पण नेहमीच नाही. घोट गिळताना कळ आली, तर मणक्यांपुढील कंडरेत कॅल्शियम साचलेले असू शकते; हे दुखणे हार्टले यांनी १९६४ मध्ये नोंदवले. ताप नि डोकेदुखी असेल, तर मेंदूज्वराची शंका. तोल जाऊन जीभ अडखळली, तर मानेतली रक्तवाहिनी फाटल्याची. तिथे झटका म्हणजे जिवाशी खेळ! म्हणून मित्रहो, मानेला हात लावण्यापूर्वी विचारा : घोट, ताप, तोल. यांतले एक जरी बिघडले असेल, तरी तडक दवाखाना गाठा.