शाळेच्या हॉलमधलं कायदेमंडळ

अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी मी १०० प्रश्न पाठ केले होते. तेव्हा त्यांतले १० विचारायचे, ६ बरोबर आले की पास. सिनेटर किती? १००. घटनादुरुस्त्या किती? २७. मी भाजी चिरायचे, नवरा प्रश्न विचारायचा. ५५ वा प्रश्न सगळ्यांत सोपा: नागरिक लोकशाहीत कसे भाग घेतात, दोन मार्ग सांगा. मतदान करा, पक्षात जा, सिनेटरला फोन करा, वर्तमानपत्राला पत्र लिहा, निवडणुकीला उभे राहा. अशी १० उत्तरं छापलेली, कुठलीही दोन चालायची. संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये जाऊन स्वतःच कायदा करा, हे मात्र त्या यादीत नव्हतं.

आम्ही राहतो ते गाव बॉस्टनच्या पश्चिमेला. शपथविधी झाला, मतदार म्हणून नाव लागलं आणि पुढच्या वसंतात पोस्टाने एक जाड पुस्तिका आली. तिला इथे वॉरंट म्हणतात. ती टाउन मीटिंगची विषयपत्रिका. प्रत्येक विषय म्हणजे एक आर्टिकल, आणि बहुतेकांखाली फायनान्स कमिटीचा अभिप्राय. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक, अग्निशमन दलाला नवा बंब, प्राथमिक शाळेचं छप्पर, जुन्या दफनभूमीची ढासळलेली दगडी भिंत आणि पाचोळा उडवणाऱ्या पेट्रोलच्या यंत्रांवर बंदी. पुस्तिका घेऊन मी शेजारी गेले. शेजारच्या बाई निवृत्त ग्रंथपाल, गावात जन्म गेलेल्या. त्यांनी समजावलं: निवडून दिलेलं पाच जणांचं सिलेक्ट बोर्ड आहे, ते रोजचा कारभार बघतं, पण पैसे मंजूर करायचे आणि गावचे उपनियम करायचे ते टाउन मीटिंगने.

“मग टाउन मीटिंगचे सभासद कोण?” मी विचारलं.

“तू,” बाई म्हणाल्या.

मॅसॅच्युसेट्स राज्यात शहरं आणि गावं मिळून ३५१. शहरांना नगर परिषद असते, बहुतेक ठिकाणी महापौरही. गावांपैकी बहुतेकांना टाउन मीटिंग. लोकवस्ती १२,००० च्या आत असेल तर गावाला शहरी धर्तीचा कारभार स्वीकारताच येत नाही. ६,००० च्या आत असेल तर प्रतिनिधी निवडून त्यांची सभा भरवायचीही सोय नाही. सगळ्या मतदारांची खुली सभाच भरवावी लागते. आमचं गाव त्याहून मोठं, तरी त्याने खुली सभा सोडलेली नाही.

ही रीत १६३० च्या दशकापासूनची, म्हणजे अमेरिकेची राज्यघटना १७८७ मध्ये लिहिली गेली त्याच्या दीडशे वर्षं आधीची. १७७४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने मॅसॅच्युसेट्सला वठणीवर आणायला कायदा केला, त्यात गव्हर्नरच्या परवानगीशिवाय गावांनी वर्षाला एकाहून अधिक सभा भरवायच्या नाहीत असं फर्मावलं. गावांनी ते धाब्यावर बसवलं. आणि तरीही ज्या राज्यघटनेवर माझी परीक्षा झाली तिच्यात गावाचा, नगराचा, टाउन मीटिंगचा उल्लेखसुद्धा नाही. तो सगळा राज्यांचा मामला. आपल्याकडे उलट. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभा थेट राज्यघटनेत आली, २४३-अ कलमात. पण कऱ्हाडजवळच्या माझ्या गावी ग्रामसभा म्हणजे २६ जानेवारीच्या झेंडावंदनानंतर फिरणारी सह्यांची वही, एवढीच माझी ओळख. तिथे मी कधी तोंड उघडलं नाही, आणि बाईमाणसाने उघडावं अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

सभा संध्याकाळी सातला, हायस्कूलच्या सभागृहात. दाराशी टेबलं मांडलेली, त्यांवर रस्त्यांच्या नावांप्रमाणे मतदारयाद्या. रस्ता सांगायचा, घर नंबर सांगायचा, नाव सांगायचं. समोरच्या बाईने ओळीखाली पट्टी धरून माझ्या नावापुढे खूण केली आणि एक पिवळं कार्ड हातात ठेवलं. नवरा अजून नागरिक झालेला नाही, त्याला पिवळं कार्ड नाही. त्याने बाजूला, दोरी लावून वेगळ्या केलेल्या खुर्च्यांत पाहुणा म्हणून बसायचं. घरपट्टीचं बिल दोघांच्या नावाने येतं, मत एकटीला. प्रतिनिधित्व नाही तर करही नाही, ही आरोळी ज्या बॉस्टनमध्ये घुमली ते तिथून तासाभराच्या अंतरावर!

व्यासपीठावर मॉडरेटर, म्हणजे निवडून आलेल्या सभाध्यक्षा. त्यांनी हातोडा आपटला. वॉरंट वेळेत लावल्याचा कॉन्स्टेबलचा दाखला टाउन क्लार्कने वाचला, कारण कायद्याने ते सभेच्या किमान सात दिवस आधी लावावं लागतं. मग राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा, मग कन्सेंट कॅलेंडर: वाद नसलेले विषय एका झपाट्यात मंजूर. आजूबाजूची कार्डं वर गेली, माझंही गेलं. कशासाठी ते पुस्तिकेत शोधतेय तोवर विषय संपलेला. पहिल्यांदाच सत्यनारायणाला बसलेल्या नव्या नवरीसारखी माझी गत. सांगतील तेव्हा पाणी सोडायचं, अर्थ कळेल तेव्हा कळेल.

हळूहळू नियम लक्षात यायला लागले. बोलायचं ते मॉडरेटरला उद्देशून. समोरच्याचं नाव घेऊन नाही. टाळ्या नाहीत, हुर्यो नाही. वेळ तीन मिनिटं. बाजूने बोलणाऱ्यांचा माइक वेगळा, विरोधात बोलणाऱ्यांचा वेगळा. चर्चा लांबली की कोणीतरी उठून चर्चा थांबवण्याचा ठराव मांडतो. तो ठराव मंजूर व्हायला दोन-तृतीयांश मतं हवीत, म्हणजे गप्प बसायचं की नाही यावर आधी मतदान, मग मूळ विषयावर.

सगळ्यांत चकित झाले ते अंदाजपत्रकाला. कोट्यवधी डॉलरचा मामला, त्यातला निम्म्याहून अधिक शाळांचा, आणि तो दफनभूमीच्या भिंतीपेक्षा लवकर आटोपला. बाई कानात पुटपुटल्या, “भांडण हिवाळ्यातच झालंय.” फायनान्स कमिटी महिनोन् महिने खातेनिहाय बैठका घेते. त्या खुल्या असतात, पण येतं कोण? शिवाय हात आधीच बांधलेले. १९८० मध्ये राज्यातल्या मतदारांनीच एक कायदा मंजूर केला. नवं बांधकाम सोडून घरपट्टीची एकूण वसुली वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. गावाला त्याहून जास्त हवी असेल तर मतपेटीतून वेगळा कौल घ्यायचा. तेव्हा त्या रात्री प्रश्न फार तर एवढाच होता, की त्याच रकमेतून कोणाच्या ताटात किती वाढायचं.

खरा रंग भरला तो पाचोळ्याच्या यंत्रांवर. एक परिचारिका म्हणाली, मी रात्रपाळी करून दिवसा झोपते, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झोपूच शकत नाही. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, माझ्या आवारात ओकची झाडं आहेत, सगळी पानं खराट्याने गोळा करायला या वयात कोण येणार? मग कामाचे बूट घातलेला एक माणूस माइकपाशी आला. बागकामाचा धंदा याच गावात, राहतो दुसऱ्या गावी. म्हणजे मतदार नाही. त्याला बोलू द्यायचं का, हे मॉडरेटरनी सभेला विचारलं. सभेने परवानगी दिली. बॅटरीवरची यंत्रं किती महाग, एका घरामागे किती बॅटऱ्या संपतात, हे त्याने मोजून सांगितलं. आवाज चढवला नाही. बोलून झाल्यावर दोरीपलीकडे जाऊन माझ्या नवऱ्याशेजारी बसला. विषय त्याच्या पोटाचा होता आणि कार्डं आमच्या हातात होती.

त्याच्या बोलण्याचा परिणाम झाला. बंदी लगेच नको, व्यावसायिकांना मुदत द्यावी, अशी दुरुस्ती कोणीतरी मांडली आणि ती मंजूर झाली. मग मूळ ठराव. कार्डं वर गेली, मॉडरेटरनी नजर फिरवली आणि मंजूर म्हणून सांगितलं. तेवढ्यात मागच्या रांगांतून माणसं उभी राहिली. सात मतदारांनी निकालावर शंका घेतली की मोजणी करावीच लागते, असा राज्याचा कायदा आहे. मोजणीदार रांगांमधून फिरायला लागले. आमच्याकडे एक कॉलेजवयीन मुलगी होती. पेन्सिलचं टोक एकेका कार्डाकडे रोखत, ओठांतल्या ओठांत आकडे म्हणत ती माझ्यापाशी आली. “एकेचाळीस.” पेन्सिल पुढे सरकली.

आजवर पडद्याआड बटण दाबायचं, बोटाला शाई लावून घ्यायची आणि कोणाला काही सांगायचं नाही, एवढंच मतदान मला माहीत होतं. इथे मी कार्ड उंच धरून बसले होते आणि शेजारच्या बाईंचं कार्ड मांडीवर उताणं. गेल्या शरद ऋतूत याच बाईंनी मला त्यांचं पाचोळ्याचं यंत्र वापरायला दिलं होतं. माझे कान तापले. त्या मात्र शांतपणे विरोधाची मोजणी कधी होते याची वाट बघत होत्या, आणि ती झाल्यावर आपलं कार्ड माझ्या नाकासमोर वर करून त्यांनी हिशेब चुकता केला.

ठराव थोडक्यात तरला. लगेच लागू होणार नाही. राज्याचे अॅटर्नी जनरल ९० दिवसांत तपासून कायद्यात बसतो की नाही ते सांगतील. घरी येताना नवऱ्याने विचारलं, “गावात मतदार हजारोंनी, आणि हॉलमध्ये काहीशे. मग हा गावाचा निर्णय कसा?” प्रश्न रास्त होता. कोरमची अट आमच्या गावाला नाही. जे आले ते गाव. आलेल्यांत पांढऱ्या केसांची माणसं जास्त. घरी तान्ही मुलं असलेले, दुसरी पाळी करणारे, दुकान चालवणारे कुठून येणार? काही गावांनी आणि शहरांनी नागरिक नसलेल्या रहिवाशांना स्थानिक मताचा हक्क मागितला, अॅमहर्स्ट आणि केंब्रिज त्यांत होती; पण राज्य विधिमंडळाने मान्यता दिलेली नाही. या सभेला लोकशाहीचा शुद्ध झरा म्हणणाऱ्यांनी दोरीपलीकडच्या खुर्च्यांत एक संध्याकाळ बसून बघावं. आणि तिला जुनाट म्हणून हसणाऱ्यांनी त्या बागकामवाल्याची तीन मिनिटं ऐकावीत. मत नसलेल्या माणसाने कायदा बदललेला मी तिथे बघितला.

बाईंकडून आणखी एक गोष्ट कळली. वार्षिक सभेच्या वॉरंटमध्ये विषय घालायला १० मतदारांच्या सह्या पुरतात. विशेष सभेसाठी १०० लागतात. सभेच्या रात्री शाळेतच लहान मुलं सांभाळायची सोय गावाने करावी, असा विषय मी लिहून काढला आहे. नवऱ्याची सही चालत नाही, म्हणून दारोदार फिरणं आलं. पहिली सही बाईंनी दिली. विषय सभेपुढे यायला हवा, म्हणाल्या, त्यासाठी तो पटायलाच हवा असं नाही. “आणि खर्च फार दिसतोय, तेव्हा सभेत मी विरोधाच्या माइकवर असेन.”