भिंतीवर लावलेलं काम

कोल्हापूरजवळच्या एका महाविद्यालयात माध्यम अभ्यासक्रमाच्या मुलांना मी मांडणी आणि दृश्यसंवाद शिकवते. विषयपत्रिकेत सॉफ्टवेअरची नावं छापलेली असतात, त्यामुळे मुलं पहिल्या दिवशी थेट संगणकासमोर जाऊन बसतात. सुरुवातीचे काही तास मी संगणक सुरूच करू देत नाही. जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, फूटपट्टी, पेन्सिल आणि ट्रेसिंग पेपर एवढ्यावर काम चालतं. रकान्याची रुंदी मोजा. एका ओळीची शिरोरेघ आणि खालच्या ओळीची शिरोरेघ यांत किती अंतर आहे ते लिहा. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला कुठे टेकतो, तिथे गोल करा. मुलं आधी नाराज होतात. थोड्या वेळाने कुणीतरी मान वर करतं आणि म्हणतं, "मॅडम, हितं तर दोन्ही अक्षरं एकमेकांत घुसल्यात." तिथून माझा विषय सुरू होतो.

यातल्या बऱ्याच मुलांनी शाळेत असताना इंटरमिजिएट ग्रेडची चित्रकला परीक्षा दिलेली असते. त्या परीक्षेत भूमितीबरोबर अक्षरलेखन असतं. चौकटी आखून, जाडी सारखी ठेवून अक्षर काढल्याची आठवण हातात असते, पण नंतर कुणी त्यांना अक्षर काढायला सांगितलेलं नसतं. बारावीपर्यंत भाषा म्हणजे उत्तरपत्रिका, आणि पदवीला आल्यावर अक्षर म्हणजे यादीतून निवडायचा फॉन्ट. मधला दुवा तुटलेला आहे, आणि तो जोडणं हे माझं पहिलं काम आहे असं मी मानते.

हे इतक्या आग्रहाने का, ते सांगते. आपण वापरतो ती बहुतेक साधनं रोमन लिपी समोर ठेवून घडली. देवनागरी त्यांत नंतर आली. पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा पर्याय निवडला नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन उभी राहते आणि जोडाक्षरं पाय मोडून पडतात. ‘दऱ्याखोऱ्या’तला र काही ठिकाणी रफार होऊन डोक्यावर चढतो. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात प्रमाण म्हणून दिले आहेत, पण कितीतरी फॉन्टांत आपोआप येतात ते हिंदीच्या वळणाचे ल आणि श. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली, तर काही फॉन्टांत तेच अक्षर आपलं रूप घेतं. हे मुलांना करून दाखवलं की वर्गात एकदम गलका होतो. इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेला ल त्यांनी पहिल्यांदाच पाहिलेला असतो.

सगळ्यांत जास्त झगडावं लागतं ते अक्षरांमधल्या अंतराशी. इंग्रजी पोस्टरवर अक्षरं लांब लांब ठेवण्याची पद्धत आहे, ती छान दिसते. मुलं तेच मराठीला लावतात आणि शिरोरेघेचे तुकडे होतात. शब्द वाचणाऱ्याच्या हातातून निसटतो. इंग्रजीतल्या मोठ्या लिपीने जे ठासून सांगता येतं, त्यासाठी आपल्याकडे जाडी, आकार आणि मोकळी जागा वापरावी लागते. आणि ओळींमधलं अंतर तर वाढवावंच लागतं, कारण आपल्या ओळीला वरचा मजला आहे आणि तळघरही. हल्ली मुलं चित्र बनवणाऱ्या यंत्राकडून तयार पोस्टर घेऊन येतात. त्यावर देवनागरीसारखी दिसणारी, पण कोणत्याच शब्दाची नसलेली अक्षरं असतात. ती चूक मुलांना लगेच दिसावी, एवढी नजर तयार झाली पाहिजे.

म्हणून मी आमच्या भागातल्या एका पेंटरमामांना वर्गात बोलावते. फ्लेक्स आल्यावर त्यांच्यासारख्या कित्येकांची कामं गेली. मामा अजून शाळांच्या भिंती आणि ट्रकच्या पाट्या रंगवतात. कोल्हापूरला पेंटर या शब्दाचा मान मोठा आहे. बाबूराव पेंटरांनी सिनेमे काढले आणि त्यांची पोस्टरंही स्वतः रंगवली, हे इथल्या मुलांना ऐकून माहीत असतं. पण पेंटर काम करताना काय करतो, हे कुणी जवळून पाहिलेलं नसतं.

मामा आले की आधी बोलत नाहीत. खडूत भिजवलेली दोरी दोघा मुलांच्या हातांत देतात, ताणायला लावतात आणि मधे धरून सोडतात. फळ्यावर सरळ रेघ उमटते. मग मजकूर मनात म्हणून अक्षरं मोजतात, मधलं अक्षर कुठे येतं ते ठरवतात आणि तिथून दोन्हीकडे सरकत खडूने नुसते सांगाडे मांडतात. शिरोरेघ अगदी शेवटी. एकदा एका मुलीने विचारलं, "मामा, आधी वरची रेघ का नाही मारत?" ते म्हणाले, "वेलांटी कुठं जाणार त्ये आधी बघायचं, पोरी. मागनं जागा मागितली तर मिळत न्हाई." मग त्यांनी ‘विद्यार्थिनी’ हा शब्द लिहून दाखवला. ऱ्हस्व वेलांटी, रफार, परत वेलांटी, सगळं एका शब्दात. र्थि लिहिताना रफार आणि वेलांटीचं टोक यांच्यात त्यांनी ब्रशच्या एका केसाएवढी फट ठेवली. मुलं फोन काढून चित्रण करत होती. मी त्यांना फोन ठेवून कागद घ्यायला सांगितलं, कारण ती फट हाताने ठेवून बघितल्याशिवाय कळत नाही.

मामांच्या तासानंतर मी र. कृ. जोशींबद्दल बोलते. विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट त्यांनी घडवला. ते सुलेखनकार आणि कवी होते, जाहिरात क्षेत्रात त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि नंतर मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसीत शिकवलं. मुलांनी मंगल शेकडो वेळा वापरलेला असतो. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षकं दाखवते. नाटकाचा स्वभाव त्या अक्षरांतच कळतो. ‘एक टाइप’सारखी मुंबईची मंडळी आज ‘मुक्त’, ‘बलू’सारखे फॉन्ट घडवतात आणि ते कुणालाही फुकट वापरता येतात, हेही सांगते. जिल्ह्याच्या गावातल्या मुलाला हे काम करणारी माणसं आपल्याच भाषेतली आहेत, हे कळायला हवं. दृश्यसंकल्पन म्हणजे परदेशातून आलेली, महागड्या संस्थांत शिकायची गोष्ट, हा समज मुलांचं फार नुकसान करतो.

वर्गात फ्लेक्सच्या दुकानात रात्री काम करणारी मुलंही असतात. त्यांना ‘कोरल’ इतकं सफाईने येतं की माझा हात त्यांच्यापुढे हळू चालतो. असा एक मुलगा होता. वाढदिवसाचा बोर्ड तो चहा येईपर्यंत तयार करायचा. दुसऱ्या मुलांनी त्याच्या कामाला नाकं मुरडली, तेव्हा मी त्याचाच एक बोर्ड भिंतीवर लावला आणि त्याला समजावून सांगायला लावलं. नेत्याचा फोटो वर आणि सगळ्यांत मोठा, मग तालुक्याचे, मग गल्लीतले. ज्याचा वाढदिवस तो मधे, आणि खाली पैसे दिलेल्यांच्या चेहऱ्यांची रांग. एखादा चेहरा दोन बोटं लहान झाला, तर दुसऱ्या दिवशी दुकानात भांडण. कुणाची नजर आधी कुठे जाणार आणि कुणाला काय वाटणार, याचा पक्का हिशेब त्याच्याजवळ होता. पुस्तकात ज्याला दृश्य उतरंड म्हणतात, ती तो धंद्यात शिकला होता. मी त्याला एवढंच विचारलं की हाच हिशेब रस्त्याने जाणाऱ्या माणसासाठी करायचा झाला तर काय बदलशील. तो बराच वेळ बोर्डकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "अर्धे फोटो काढावे लागतील." त्या सत्रातलं उत्तम काम त्याचं होतं.

भिंतीवर काम लावणं हा माझ्या शिकवण्याचा मुख्य भाग आहे. प्रत्येकाने छापील प्रत आणायची, भिंतीला लावायची आणि बनवणाऱ्याने गप्प राहायचं. बाकीच्यांनी बोलायचं. सुरुवातीला सगळे "छान आहे" म्हणतात, कारण मैत्री टिकवायची असते. म्हणून मी "कसं वाटलं" हा प्रश्नच बंद केला आहे. आधी काय वाचलंस, नंतर कुठे गेलास, कुठे अडखळलास, एवढंच विचारायचं. यात आवडीनिवडीचं भांडण राहत नाही. वर्गात एरवी तोंड न उघडणाऱ्या मुलीसुद्धा "मी तारीख शोधली, मला सापडली नाही" असं ठामपणे सांगतात.

या सगळ्याची खरी परीक्षा झाली ती पुराच्या कार्डाच्या वेळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये पंचगंगेने आमच्या भागाची काय दशा केली, ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठल्यावर पहिल्यांदा हाच आकडा विचारतो. मुलांना मी काम दिलं, नदीकाठच्या एका गावासाठी घरात टांगायचं कार्ड करा. पाणी चढताना काय करायचं, काय बरोबर घ्यायचं, कुठे जायचं.

पहिले नमुने देखणे होते. निळ्या लाटा, लाल आकडे, गोल कोपऱ्यांच्या चौकटी. ते घेऊन आम्ही करवीर तालुक्यातल्या त्या गावात गेलो. एका आजींनी कार्ड हातात घेतलं, लांब धरलं, मग जवळ आणलं. आकडे वाचले आणि म्हणाल्या, "बंधाऱ्यावर किती फूट झालं, त्ये टीव्हीत सांगत्यात. आमच्याकडं मारुतीच्या पायरीला पाणी लागलं की जनावरं सोडायची." मुलांनी पायरीची गोष्ट लिहून घेतली. गावात फिरून विचारलं, तर प्रत्येक वस्तीची वेगळी खूण निघाली. कुणाची पायरी, कुणाचा चिंचेचा बुंधा, कुणाची शाळेची भिंत. आणि सगळ्यांची पहिली काळजी गोठ्यातली जनावरं होती. आमच्या कार्डात जनावरांना शेवटून दुसरी जागा मिळाली होती.

ग्रामसेवक कार्ड बघून म्हणाले, "आम्ही याची झेरॉक्स काढूनच वाटणार." तिथेच पंचायतीच्या मशीनवर एक प्रत काढली. लाल चौकट काळी झाली आणि तिच्यातला आकडा नाहीसा झाला. निळ्या लाटांचा मजकुरावर राखाडी चिखल पसरला. मुलांचे चेहरे पडले खरे, पण परतीच्या गाडीत ती सगळी एकदम बोलत होती. पुढचा नमुना त्यांनी काळ्या-पांढऱ्यातच केला. डावीकडे बंधाऱ्याचे फूट, त्यालाच लागून गावातली खूण, आणि पुढे एकाच क्रियापदाची आज्ञा. जनावरं सोडा. गॅस बंद करा. कागद घ्या. वाक्यं लहान झाल्यावर अक्षर मोठं करायला जागा मिळाली. आकार ठरवायला त्यांनी कार्ड चुलीजवळच्या उजेडात धरून बघितलं, कारण पुरात वीज जाते. हे मी त्यांना सुचवलं नव्हतं.

असं काम तासिकांच्या वेळापत्रकात बसत नाही. आमच्यातले बरेच जण तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे उभं राहून शिकवलेल्या तासाचेच पैसे. भिंतीसमोर प्रत्येकाच्या कामावर बोलण्याचा, गावात जाण्याचा, नमुने तपासण्याचा वेळ कुठल्याच रकान्यात मांडता येत नाही. बाहेरचे परीक्षक येतात तेव्हा त्यांच्यासमोर शेवटची फाइल असते. तिच्या मागे किती कागद फाडले, ते त्यांना दिसत नाही. म्हणून अंतर्गत गुणांपैकी मोठा वाटा मी कामाच्या वहीला देते. त्यात सगळे कच्चे नमुने, माणसांनी काय सांगितलं त्याच्या नोंदी आणि बदलाची कारणं असायला हवीत. शेवटचं पान साधं झालं तरी चालेल. कारण नसलेली सजावट मात्र मी खोडते.

यूजीसीने २०२२मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची मार्गदर्शक तत्त्वं आणली. किमान १५ वर्षं क्षेत्रात काम केलेल्या जाणत्या माणसाला औपचारिक पदवीच्या अटीशिवाय शिकवायला नेमता येईल, असं त्यात आहे. हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पेंटरमामाच आले. प्रत्यक्षात अशा नेमणुकीसाठी उद्योगातली मोठी पदं भूषवलेल्यांचा विचार आधी होतो, आणि मामांना आजही पाहुणे व्याख्याते म्हणून एका तासाचं मानधन मिळतं, तेही अर्ज-विनंत्या करून. अक्षर शिकवण्यासाठी त्यांच्याइतका योग्य माणूस माझ्या माहितीत नाही. विभागाच्या बैठकीत मी हे दर वर्षी मांडते आणि या वर्षीही लेखी दिलं आहे.

कार्डाचा तिसरा नमुना आता तयार होतो आहे. गावातल्या बचतगटाच्या बायकांनी त्यावर दोन मागण्या टाकल्या. होडी आणि बचावपथकाचे फोन नंबर वरच्या कोपऱ्यात हवेत, आणि टांगायचं भोक मधोमध न ठेवता बाजूला हवं, कारण दाराच्या खिळ्यावर आधीच कॅलेंडर असतं. भोक बाजूला नेलं की डावीकडचा खुणांचा रकाना सरकतो, म्हणून पूर्ण मांडणी पुन्हा करावी लागणार. छपाई मे महिन्यातच उरकायला हवी, जूनला पाऊस लागतो. मुलांच्या परीक्षा एप्रिलअखेर संपतात, तरी त्यांच्यातले काही जण सुट्टीत थांबणार आहेत. फ्लेक्सच्या दुकानातल्या त्या मुलाने छपाईचा दर त्याच्या मालकाशी बोलून ठेवला आहे.