गोमेचा एक पाय

गोमेचा एक पाय मोडला म्हणून ती लंगडी होत नाही, असं आजी म्हणायची. तिचा रोख पैसेवाल्यांकडे असे. मी मात्र ही म्हण शब्दशः जगते. पावसाळ्यात दगड उलटायचा, गोम चिमट्यात धरायची आणि तिचा एक पाय कापून अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा. डीएनएसाठी तेवढा पुरतो. उरलेली गोम दुसऱ्या बाटलीत, नमुना म्हणून. तेव्हा लंगडी न होण्याचा तिला तसा काही उपयोग नसतो. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये पसरते.

पायच का, हे मला एका गांडुळाने शिकवलं. सुरुवातीच्या दिवसांत एक गोम हाती आली ती तुकड्यांत, पाय झडलेली. मी धडाचा मधला तुकडा घेतला, प्रोटिनेज के हे विकर घालून रात्रभर ५६ अंशांवर विरघळवला, पीसीआरने डीएनएच्या प्रती काढल्या. जेलवर पट्टी झकास आली. नुसत्या पाण्याच्या नळीत काही उमटलं नव्हतं, म्हणजे बाहेरून भेसळ नाही. सिक्वेन्स डेटाबेसशी जुळवून पाहिला तर उत्तर आलं: गांडूळ. दोन दिवस मी नळ्यांचे नंबर तपासत बसले. तिसऱ्या दिवशी चहा पिताना डोक्यात प्रकाश पडला. मी गोमेचं पोट कापलं होतं, आणि पोटात जेवण होतं!

पीसीआरचे प्राइमर, म्हणजे हवा तो तुकडा हेरणारे डीएनएचे छोटे धागे, बिचारे निर्दोष. १९९४मध्ये फोल्मर आणि सहकाऱ्यांनी ते बनवलेच अशासाठी की गोगलगाय असो वा खेकडा, मायटोकॉन्ड्रियातल्या सीओआय जनुकाचा सुमारे सातशे अक्षरांचा तुकडा उचलता यावा. जेवणारा कोण आणि ताटात काय, हा फरक त्यांना कुठून कळणार?

माझ्याहून मोठी माणसंही इथे घसरली आहेत. स्वीडनच्या किनाऱ्याजवळ समुद्रतळाच्या गाळात झेनोटर्बेला नावाचा साधासा किडा राहतो. १९४९मध्ये त्याचं वर्णन झालं, पण तो कुणाच्या गोतातला ते ठरेना. १९९७मध्ये डीएनएने सांगितलं, हा शिंपल्यांचा भाऊबंद. २००३मध्ये उलगडा झाला: तो डीएनए त्याने खाल्लेल्या शिंपल्यांचा होता. हे वाचल्यावर माझी लाज निम्मी झाली.

गंमत म्हणजे शाळेत आम्हाला गोम आणि गांडूळ जवळजवळ शेजारी बसवून शिकवलं होतं. दोघांचं अंग खंडाखंडांचं, म्हणून नातं जवळचं. प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएपासून चालत आलेली समजूत. ती मोडली तीही १९९७मध्येच, १८एस जनुकाच्या आधारे. त्या कामातली एक चलाखी मला फार आवडते. प्रयोगशाळांचा लाडका सूत्रकृमी, सीनोरॅब्डायटिस, याची अक्षरं फार झपाट्याने बदलतात. असे दोन वेगवान प्राणी वंशवृक्षात ठेवले की नातं नसतानाही एकमेकांना चिकटतात. नात्याच्या खुणा पुसल्या गेल्यावर उरतं ते योगायोगाचं साम्य. म्हणून त्या संशोधकांनी ट्रिकिनेला हा संथ बदलणारा कृमी निवडला. साक्षीदार निवडण्यातच अर्धी केस असते. यंत्र कितीही महागडं आणा. निकाल असा लागला की गोम, खेकडे, फुलपाखरं आणि सूत्रकृमी एका बाजूला, सगळे कात टाकणारे. गांडूळ गेलं गोगलगायी-शिंपल्यांच्या बाजूला.

म्हणजे माझ्या त्या एका नळीत पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झालेली दोन घराणी एकत्र विरघळली होती, आणि बोललं ते पाहुणं घराणं.

तो सिक्वेन्स मी खोडला नाही. फाइलीवर नाव गोमेचं, आत गांडूळ. गोमेचा स्वतःचा सिक्वेन्स अजून नाही. बाटलीत आता फक्त डोकं उरलंय. तेवढ्यातूनही डीएनए निघेल, पण उद्या कुणी जात विचारली तर दाखवायला तेच लागणार, म्हणून कात्री दर वेळी परत ठेवते.