हौदाकाठची हिरवळ

खेड्यात नवे घर बांधावयाचे म्हणजे पूर्वी विहीर, गोठा आणि अंगण यांचा विचार आधी होत असे. आता परदेशी नोकरी करणाऱ्या मुलांच्या घरांपुढे कोठे कोठे पोहण्याचा हौदही दिसू लागला आहे, आणि हौद झाला की त्याच्या काठी काय घालावे हा प्रश्न मागोमाग येतो. माती ठेवावी तर मुलांच्या पायांबरोबर चिखल पाण्यात जातो. गुळगुळीत फरशी घालावी तर ओला पाय घसरतो. म्हणून पुष्कळांची नजर प्लॅस्टिकच्या हिरवळीकडे वळते. बेळगावकडील एका कुटुंबात हा प्रश्न बापलेकांच्या अबोल्यापर्यंत गेला, आणि निवाड्यासाठी आम्हांस बोलावणे आले.

मुलगा आखातात नोकरीला. घर आणि हौद त्याच्याच कमाईचे. आदल्या सुट्टीत त्याची धाकटी मुलगी ओल्या फरशीवर पडली आणि तिच्या हनुवटीला टाके घालावे लागले. तेव्हा हौदापासून आंब्यापर्यंतचे सगळे अंगण कृत्रिम हिरवळीने झाकून टाकावे, असे त्याने ठरविले. वडील म्हणाले, "फादर, हे अंगण मी चाळीस वर्षे राखलं. तेच झाकायचं, तर मी इथे राखण कशाची करू?" मुलगा म्हणाला, "मला बाबांचं अंगण नको, फादर. पोरं पडू नयेत, एवढंच पाहिजे." आई दोघांना दोन ठिकाणी चहा नेऊन देत होती. दोघांचेही म्हणणे खरे होते. म्हणूनच निवाडा अवघड होता.

उत्तर देण्यापूर्वी या वस्तूची थोडी माहिती करून घ्यावी असे आम्हांस वाटले. अमेरिकेत १९६४ साली प्रॉव्हिडन्स शहरातील मोझेस ब्राउन शाळेत असे गवत अंथरले गेले. पण त्याचे नाव झाले ते ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोडोम या छप्पर असलेल्या क्रीडागारामुळे. १९६५ साली ते उघडले, तेव्हा आत खरे गवत होते. छपरातून येणाऱ्या झळाळीने खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून छपराची तावदाने रंगविली. उजेड कमी झाला आणि गवत मेले. मग १९६६ साली तेथे कृत्रिम हिरवळ आली. नेवाडासारख्या कोरड्या प्रांतात तर केवळ शोभेच्या हिरवळीला कोलोरॅडो नदीचे पाणी घालण्यावर बंदी आणणारा कायदा २०२१ साली झाला. जेथे गवत जगत नाही किंवा त्याला पाजण्यास पाणी नाही, तेथे या वस्तूला अर्थ आहे. ज्या अंगणात पावसाळ्यात गवत आपण होऊन उगवते, तेथे तिचे काम निराळे व लहान आहे.

दुसरी गोष्ट उन्हाची. जिवंत गवत आपल्या अंगातील पाणी हवेत सोडते आणि थंड राहते. प्लॅस्टिकला ती सोय नाही. युटामधील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ साली तपासणी झाली, तेव्हा हवा सुमारे ३७ अंश सेल्सिअस असताना कृत्रिम मैदानाचा पृष्ठभाग सुमारे ९३ अंशांपर्यंत तापलेला आढळला. आम्ही दुकानातून आणलेला नमुन्याचा तुकडा भर दुपारी उन्हात ठेवावयास सांगितला, आणि बापलेकांना त्यावर अनवाणी उभे राहण्यास सुचविले. मुलाने पाय लगेच उचलला. हौदातून निघणारी मुले अनवाणीच असतात, हे त्यास निराळे सांगावे लागले नाही.

तरीही हौदाच्या अगदी काठाला ही हिरवळ उपयोगी पडते. तिच्या पाठीला भोके असतात, त्यांतून पाणी खाली जाते आणि पाय घसरत नाही. मात्र ती नुसत्या मातीवर अंथरू नये. वरची माती काढून खडी व तिची भुकटी घालावी, धुमसाने ठोकून घ्यावी आणि उतार हौदापासून बाहेरच्या बाजूस द्यावा. नाही तर पावसाळ्यात सगळे पाणी हौदात येईल किंवा खालीच साचेल. सर्व पट्ट्यांच्या पात्यांचा कल एकाच दिशेस असावा आणि सांधे खालून पट्टी लावून चिकटवावेत. पाती उभी राहण्यासाठी वाळू भुरभुरतात, ती पाण्याच्या कडेस बेतानेच घालावी, नाही तर हौदात उतरते. पाने रोज झाडावीत; ओली पाने कुजली की शेवाळ धरते आणि पुन्हा पाय घसरतो. म्हणजे राखण संपत नाही, तिचे रूप तेवढे बदलते.

शेवटी ठरले ते असे. हौदाभोवती चार फुटांचा पट्टा हिरवळीचा. उन्हात तो पाण्याने थंड करून मगच मुलांना त्यावर सोडावे. पट्ट्यापलीकडे आंब्यापर्यंतचे अंगण जसेच्या तसे. पट्टा झाडण्याचे काम वडिलांनी स्वतः मागून घेतले आणि उतार बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी घागरीने पाणी ओतून दाखविले. मुलगा शेजारी दोरी धरून उभा होता.

वाचकहो, ही हिरवळ दहापंधरा वर्षांनी झिजते, आणि झिजली तरी कुजत नाही. ती गुंडाळून टाकावयाची कोठे, याचा विचार विकत घेतानाच करावा. आणि जे मूल दूरदेशी राबून घरासाठी काही पाठवू पाहते, त्याने अंगण मोजण्यापूर्वी ते रोज झाडणाऱ्या माणसास एकदा विचारावे.