रेषेचे माप

जुलैच्या २६ तारखेला ख्रिस्तसभा संत योवाकिम व संत अन्ना, म्हणजेच पवित्र मरियेचे मातापिता, यांचा सण पाळते. कांजूरमार्गच्या आम्हां रहिवाशांना मात्र ही तारीख २००५ सालापासून आणखी एका कारणाने विसरता येत नाही. त्या दिवशीच्या महापुरास २०२५ साली २० वर्षे पूर्ण झाली. तेव्हा धर्मग्रामातील आजी-आजोबांचा सत्कार आणि पुरात गेलेल्यांचे स्मरण अशी दोन्ही कार्ये एकत्रच करावीत, असे ठरले. सभागृहात एक फलक लावायचा होता. त्यावर त्या दिवशीच्या पावसाचा आलेख काढण्याचे काम आमच्याकडे आणि महाविद्यालयात शिकणाऱ्या दोघा मुलांकडे आले.

मुलांनी त्यासाठी सायलॅब ही प्रणाली निवडली. फ्रान्समधील इन्रिया या संशोधन संस्थेत तिचा जन्म झाला व ती कोणालाही विनामूल्य वापरता येते. आमच्याच स्थानकावर उतरून विद्यार्थी ज्या पवईच्या आयआयटीत जातात, तेथील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने तिचे धडे तयार केले आहेत, आणि ते मराठीतूनही ऐकता येतात. पडद्याच्या एका बाजूला धडा चालू ठेवावा आणि दुसऱ्या बाजूला स्वतः करून पाहावे, अशी त्यांची रीत आहे. आम्हीही त्या रीतीने बसलो.

मुंबईच्या पावसाची अधिकृत मोजणी हवामान खाते मुख्यतः कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन ठिकाणी करते. २६ जुलैच्या सकाळी साडेआठपासून पुढच्या २४ तासांत पाऊस कसकसा साठत गेला, याच्या दोन रेषा आम्ही दोन खिडक्यांत काढल्या. दोन्ही रेषा डाव्या कोपऱ्यात शून्यावर सुरू होत आणि चढत चढत उजव्या कोपऱ्यात माथ्याशी पोहोचत. फलकावर जागा एकाच आलेखाची होती. म्हणून एका खिडकीचे चित्र उचलून, त्याची पार्श्वभूमी पुसून, आम्ही ते दुसऱ्या खिडकीच्या चित्रावर चिकटविले. रेषा जवळजवळ एकमेकींवरून गेल्या. चित्र मोठे सुबक दिसत होते. खाली ‘मुंबईवर कोसळलेला पाऊस’ असे लिहून आम्ही समाधानाने उठलो.

संध्याकाळी गायनाच्या सरावासाठी एक वृद्ध बाई लवकर आल्या होत्या. त्या फलकापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या.

“हे कुलाब्याचं कुठून आणलंत?” त्यांनी विचारले.

“हवामान खात्याचेच आकडे आहेत, आंटी,” एक मुलगा म्हणाला.

“मी त्या दिवशी फोर्टात कचेरीत होते, बाळा. तिथं नेहमीसारखाच पाऊस होता. छत्री उघडून घरी निघाले. शीवच्या पुढं गाडी जाईना तेव्हा कळलं काय झालंय ते. रुळांवरून चालले, मग कमरेएवढ्या पाण्यातून, आणि पहाटे घरी पोचले. आमचे धाकटे दीर कुर्ल्याहून निघाले होते. ते आलेच नाहीत.” त्या क्षणभर थांबल्या. “तुमचं चित्र म्हणतं, दोन्हीकडं सारखाच पाऊस. तसा असता, तर कचेरीतून आम्हांला कुणी निघू दिलं असतं का?”

आम्ही काय उत्तर देणार? सांताक्रूझला त्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. सुमारे २५ किलोमीटर अंतरावरच्या कुलाब्याला झाला होता ७३ मिलिमीटरच्या आसपास. हे आकडे आम्हीच आमच्या हातांनी भरले होते. आणि तरीही डोळ्यांनी चित्रावर विश्वास ठेवला होता.

चूक यंत्राची नव्हती. प्रत्येक खिडकी आपल्यातील रेषा नीट दिसावी म्हणून आपली मर्यादा स्वतःच ठरविते. एकीच्या उभ्या अक्षाचा माथा १,००० होता, तर दुसरीचा ८०. चित्र म्हणून उचललेल्या रेषेला आकडे उरत नाहीत. ती केवळ शाईचा फराटा होते, आणि जिथे चिकटवावी तिथलीच पट्टी आपली म्हणून मिरविते.

त्या रात्री मुलांनी योग्य मार्ग शोधून काढला. सायलॅबच्या आलेखात एकात एक बसविलेली घरे असतात. खिडकीत अक्ष असतात, आणि अक्षांच्या पोटात रेषा. रेषेला आपले बिंदू, रंग आणि जाडी ठाऊक असते. मर्यादा व नावे अक्षांपाशी राहतात. ‘कॉपी’ या आज्ञेला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. कोणती रेषा घ्यायची आणि कोणत्या अक्षांत ठेवायची. मग रेषेची जी प्रत होते, ती आपले मूळ आकडे घेऊन नव्या घरी जाते आणि तेथील पट्टीवर स्वतःच्या खऱ्या उंचीवर उभी राहते.

कुलाब्याची रेषा आम्ही अशी सांताक्रूझच्या खिडकीत नेली, तेव्हा ती तळाशी जवळजवळ आडवी पडली. उलट, सांताक्रूझची रेषा कुलाब्याच्या खिडकीत नेऊन पाहिली, तर तेथे माथा ८० वरच असल्यामुळे ती थोड्याच अंतरात छताबाहेर निघून गेली. मर्यादा वाढविल्यावाचून ती पुरती दिसेना. दोन्ही रेषा मुळात निळ्याच होत्या, म्हणून एकीचा रंग बदलावा लागला. रेषांची नावेही नव्या खिडकीत पुन्हा लिहावी लागली, कारण रेषेबरोबर ती आली नव्हती. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. अशी प्रत मुळापासून वेगळी होते. पुढे मूळ रेषेतील आकडा सुधारला, तरी प्रत जुनाच आकडा सांगत राहते. ज्याने प्रत केली, त्यानेच तिच्या खरेपणाची काळजी वाहायची असते.

पवित्र शास्त्रातील नीतिसूत्रांच्या ग्रंथात खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट येतो असे सांगितले आहे. हे वचन आम्ही आजवर वाण्याच्या दुकानापुरतेच समजत होतो. आमच्या फलकावर एकही आकडा खोटा नव्हता, कोणाला फसविण्याचा हेतूही नव्हता. फक्त एका घरची रेषा दुसऱ्या घरच्या पट्टीने मोजली गेली होती. त्या पुरात महाराष्ट्रात १,००० हून अधिक माणसे दगावली. त्या दिवशी मुंबईच्या एका टोकाला दुसऱ्या टोकाच्या संकटाची कल्पना नव्हती, आणि म्हणूनच असंख्य माणसे घराकडे निघून पाण्यात सापडली. दोन रेषांमधील ते रिकामे अंतर हीच त्या दिवसाची खरी कहाणी होती. आमच्या सुबक चित्राने नेमके तेच पुसले होते.

दुसऱ्याच्या दुःखाविषयी बोलताना आम्ही पुष्कळदा हेच करीत असू. त्याची गोष्ट उचलतो, आणि माप मात्र आपल्या घरचे लावतो.

सणाच्या सकाळी मिस्सा झाल्यावर त्या बाई नातवाचा हात धरून सभागृहात आल्या. नवा आलेख त्यांनी शांतपणे पाहिला. मग तळाशी पडलेल्या रेषेवर बोट ठेवून नातवाला म्हणाल्या, “इथं मी होते.” बोट हळूहळू वर नेत त्या दुसऱ्या रेषेच्या माथ्यापाशी थांबल्या. “आणि इथं तुझे धाकटे आजोबा.”

मुलाने दोन्ही बोटांनी मधले अंतर मोजून पाहिले. ते त्याच्या वितीत मावले नाही.