बदली गडी

(द्वितीय वर्ष, कला)

गेली दोन वर्षे मी आमच्या मंडळाच्या कबड्डी संघात आठवा आहे. सात खेळतात, आठवा बसतो. बसायला मैदान चांगले मिळते, खेळ अगदी जवळून दिसतो आणि विचार करायला भरपूर सवड असते. या सवडीत माझ्या असे ध्यानात आले की, प्रेक्षक चढाईपटूचे नाव घेऊन ओरडत असले तरी सामना पुष्कळदा एका साध्या कलमावर फिरतो. ते कलम म्हणजे गडी केव्हा बदलता येतो आणि केव्हा येत नाही.

हा विचार पक्का झाला तो भलत्याच खेळामुळे. मोबाईलवर चढाया बघता बघता एकदा अमेरिकेतल्या कॉलेजांचा फुटबॉल समोर आला. आपल्या फुटबॉलशी त्याचे नाते नावापुरतेच. अकरा-अकरा धिप्पाड गडी, लांबट चेंडू, डोक्याला शिरस्त्राण. प्रत्येक झटापट संपली की खेळ थांबतो आणि गडी घोळका करून पुढचा बेत ठरवतात. यासाठी चाळीस सेकंद मिळतात (कॉलेजांत हे घड्याळ २००८ पासून आले). तेवढ्यात दमलेले बाहेर जातात, ताजे आत येतात. किती बदलावे याला मोजदाद नाही. म्हणजे बचावाचा गडी वेगळा, चढाईचा वेगळा, शेवटच्या चार पावलांसाठी आणखी एखादा पहाड वेगळा!

मग काही संघांनी घोळकाच करायचे सोडून दिले. बेत बाहेरून हातवाऱ्यांनी कळवायचा, लगेच रांग धरायची आणि चेंडू उचलायचा. समोरचा संघ दमलेला, त्याला गडी बदलायचा आहे. पण आत-बाहेर धावताना चेंडू सुटला तर मैदानात बारा गडी सापडून दंड होतो. इथे कलमाची खरी गंमत आहे. चेंडूवाल्या संघाने एक जरी गडी बदलला तर पंच चेंडू अडवून धरतो आणि बचाव करणाऱ्यांना बदलायला अवसर देतो. मात्र चेंडूवाल्यांनी कुणालाच बदलले नाही तर पंचाला थांबायचे कारण उरत नाही. आपल्या दाराला कडी घातली की शेजाऱ्याचेही दार आपोआप बंद, असा हा प्रकार!

यावर तिकडे चांगलेच रण माजले. २०१४ साली नियम समितीने सुचवले की, पहिली दहा सेकंदे चेंडू उचलूच नये, बचावाला गडी बदलू द्यावेत. कारण दिले खेळाडूंच्या सुरक्षिततेचे. अलाबामाचे निक सेबन आणि आर्कान्सासचे ब्रेट बिलेमा हे दोन प्रशिक्षक या बाजूचे होते. जलद खेळणारे खवळले, पुरावा दाखवा म्हणाले, आणि सूचना बारगळली. मग बचावाच्या गड्यांना नेमक्या वेळी पोटऱ्यांत गोळे येऊ लागल्याच्या तक्रारी वाढल्या. अखेर २०२५ पासून असे ठरले की, चेंडू जागेवर ठेवल्यानंतर कुणी दुखापतीने आडवा झाला, तर त्याच्या संघाचा एक टाइम-आउट वजा. हे वाचून मला हसू आले. आमच्याकडे सामना रंगात आला की बुटाची नाडी सुटते, नी-कॅप घसरते. माणसे सगळीकडे सारखीच.

आता आपल्या कबड्डीकडे पाहा. संघ बारांचा, मैदानात सात, राखीव पाच. एक चढाई संपली की पाच सेकंदांत दुसऱ्या बाजूचा चढाईपटू निघाला पाहिजे. घोळक्याची सोयच नाही! गडी बदलायचा तो टाइम-आउटमध्ये किंवा मध्यंतरात. टाइम-आउट प्रत्येक डावात दोन, अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे. आणि मुख्य म्हणजे बाद झालेल्या गड्याच्या जागी राखीव गडी चालत नाही. बाद गडी उठतो तो आपल्या संघाने गुण मिळवला तर, आणि जो आधी बाद झाला तो आधी.

कोपरारक्षकाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? आमचा उजवा कोपरा बाद झाला की समोरचे त्याच बाजूला चढायला लागतात. तिथे उभा असतो एखादा चढाईपटू, ज्याला घोटा धरायची सवय नाही. मी कोपऱ्याचा गडी बाहेर बसलेला. मला आत घ्यायचे तर टाइम-आउट घेऊन एखादा जिवंत गडी बाहेर काढावा लागतो. बाद झालेला जागचा हलत नाही, त्याचे रिकामेपण तसेच राहते.

गेल्या हिवाळ्यात एका सामन्यात नेमके हेच झाले. दुसरा डाव, उजवा कोपरा बाद, आमचा एक टाइम-आउट शिल्लक. मी गुडघ्याची पट्टी आवळून तयार. कप्तानाने माझ्याकडे पाहिले आणि तोंड फिरवले. दोन झटपट चढाया, दोन गुण, कोपरा उठला, सामना दोन गुणांनी जिंकलो. मी घामाविना कोरडाच.

रात्री सात रस्त्यावर चहा घेताना मी विचारलेच. कप्तान म्हणाला, "तुला आत घेतलं असतं तर त्यांनाही दम खायला मिळाला असता बे. धापा टाकत होते ते." एक मित्र म्हणाला, हॉकीसारखे करावे, खेळ चालू असतानाच गडी बदलावेत, म्हणजे कुणी बसून राहणार नाही. कप्तानाने कप खाली ठेवला. "अन् मोठ्या क्लबाचे बाराच्या बारा ताजे गडी आळीपाळीने आपल्या आठांवर घाल. चालेल?"

यावर मला उत्तर सुचले नाही. आमच्यातले दोघे यंत्रमागावरून सुटून थेट सरावाला येतात. रात्रपाळी असली की येतही नाहीत. अमेरिकेत १९५३ साली मोकळी अदलाबदल जवळजवळ बंद केली होती, कारण दोन-दोन संघ पोसायचा खर्च लहान कॉलेजांना झेपेना. १९६५ पर्यंत ती पुन्हा मोकळी झाली आणि खेळ मोठ्या पटाच्या संघांचा झाला. तेव्हा मला बाहेर बसवणारे कलमच आमच्या मंडळाला आत ठेवते, हे कबूल करणे भाग आहे. पण ते पटले म्हणून बाकावर बसणे सोपे होते असे मात्र कुणी समजू नये.

आजोबांना हे सगळे सांगितले. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे मी काहीही सांगितले तरी ते अभ्यासाचेच आहे असे समजून ते ऐकतात. ते तरुणपणी इथल्या एका गिरणीत बदली कामगार होते. भोंगा व्हायच्या आत फाटकावर उभे राहायचे, कुणाचा खाडा निघाला तर आत, नाही तर घरी. माग थांबवून कुणी गडी बदलत नसे. "मला कुठल्या खात्यात टाकतील ते ठाऊक नसायचं," ते म्हणाले, "म्हणून सगळ्या खात्यांत जाऊन हात बसवून घेतला." गिरण्या बंद पडून आता कितीतरी वर्षे झाली, पण मशीनची नावे त्यांना अजून पाठ आहेत.

दुसऱ्या दिवसापासून मी चढाईचा सराव सुरू केला. कोपरा रिकामा होण्याची वाट पाहण्यापेक्षा तो उठवायला जाता आले तर बरे. धाकटी बहीण मोबाईलवर तीस सेकंद लावते आणि मी गच्चीवर कबड्डी-कबड्डी करत खडूच्या रेषेपलीकडे जातो. सध्या बाविसाव्या-तेविसाव्या सेकंदाला दम तुटतो. ती म्हणते, गेल्या आठवड्यात अठराच होते.